पानिपतला न गेलेला पूर्वज

प्रिय मित्रा,

दीड वर्ष झालं आपण धड बोललो नाहीये. मधे दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला, कारण बोलायला लागलो असतो की परत तो रुमाल, ते जुन्या कागदांचं गाठोडं, आला असता, मग तो वीरगळ, मग ‘तुमचे लोक’ (घराण्याचा कुलवृत्तांत छापणारे) आणि ‘आमचे लोक’ (गावचे जुने कागद वाचणारे). म्हणून लिहितोय. लिहिताना तू मधेच तोडू शकत नाहीस हा एक फायदा.

आधी कबुली देऊन टाकतो. महजराची, म्हणजे रुमालातल्या त्या शिवेच्या निवाड्याच्या कागदाची, तारीख मी चुकवली. मीच. आमच्या स्मरणिकेत जे ठणकावून छापलं होतं ना की हा कागद १७५१-५२ चा आहे, सबब त्यातला साक्षीदार पूर्वज पानिपतावर लढला हा कुलवृत्तांतवाल्यांचा दावा म्हणजे निव्वळ थाप, ते सगळं माझ्या एका बेरजेवर उभं होतं आणि ती बेरीजच चुकली होती.

झालं काय ते नीट सांगतो, तुला यातली गंमत कळेल, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. कागदाच्या वरच्या कोपऱ्याला कसर लागलीय हे तुला माहितीये, शके साल तिथेच होतं, ते गेलं. खाली मिती, म्हणजे तिथी, शाबूत, पौष शुद्ध पंचमी. आणि मागच्या बाजूला कोणीतरी नंतर वेगळ्या शाईने नुसतं ‘सन ११६१’ लिहून ठेवलंय. रुमालातले बाकीचे कागद वसुलाचे, त्यांच्यावर फसली, म्हणजे महसुली साल, म्हणून मी हेही फसलीच धरलं, ५९० मिळवले आणि मोकळा झालो. शुहूर, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहायचं दुसरं साल, असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे हे मला काय माहीत नव्हतं? मीच तर नवीन मुलांना मोडीच्या वर्गात शिकवतो की दोन्ही सालं मृगाला सुरू होतात म्हणून घोळ होतो, सांभाळून! पण तुमच्या अध्यक्षांनी त्या व्याख्यानात आम्हाला ‘हौशी’ म्हटल्यापासून मला त्यांना खोटं पाडायची इतकी घाई झाली होती की उजेडात नेऊन कागद परत बघावा असं वाटलंच नाही.

आणि चूक पकडली कोणी तर तुमच्या वंशवेलबाईंनी, वंशावळी जुळवणाऱ्या. हो, त्याच निवृत्त शिक्षिका, ज्यांना आपण दोघं मागे बसून हसायचो. (मी जास्त हसायचो, मान्य.) त्यांना मोडी फारशी वाचता येत नाही, शुहूर सनाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यांनी गेल्या महिन्यात मला एक कागद पाठवला, त्यावर वंशावळीचा एक तुकडा आणि खाली एकच ओळ, ‘१७५१ साली हा माणूस दत्तक गेलेलाच नव्हता, मग महजरात दत्तक बापाचं नाव कसं?’

मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत शके १६७७ ची नोंद आहे, म्हणजे १७५५-५६, आणि तिथे या बाबाने जन्मदात्या बापाचं नाव दिलंय. महजरात मात्र तो चुलत घराण्यातल्या बापाचा ‘बिन’, म्हणजे मुलगा, म्हणून येतो. म्हणजे कागद १७५५ च्या नंतरचा, संपला विषय. मग भिंग घेऊन गच्चीवर गेलो, कागद तिरपा धरला, तर कसरीच्या भोकाच्या कडेला बारीक अक्षरात ‘...तैन मया व अलफ’. इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. सरळसरळ शुहूर ११६१, म्हणजे १७६०-६१. अरबी शब्दांत लिहिलेलं साल समोर असताना मी मागच्या आकड्यावर विसंबलो. नऊ वर्षांचा फरक, आणि त्या नऊ वर्षांवर आम्ही तुमच्या लोकांना सहा महिने गावभर खोटारडे म्हणत फिरलो.

आता तू म्हणशील, बघ, शेवटी आमचे लोक बरोबर. थांब, तिथेच तर मजा आहे, शेवटी सांगतो.

मधल्या काळात मी बराच विचार केला की एवढं विकोपाला गेलं कसं. रुमाल हे निमित्त. वाड्याच्या माळ्यावर सापडला, घरच्यांनी विश्वासाने तुमच्याकडे दिला, तुम्ही आडनाव असलेली तेवढी पानं स्कॅन केली आणि गावचे ताळेबंद, हजेऱ्या, शिवेच्या भांडणाचे कागद परत बासनात बांधले. आम्हाला ते बघून कसंतरी झालं, कारण आम्हाला तेच हवे होते. आणि आम्ही काय केलं? न विचारता महजराचा फोटो स्मरणिकेच्या मधल्या पानावर छापला. घरच्या आजींना किती लागलं ते मला नंतर कळलं. आमच्यात एकजण वर म्हणाला, कागद समाजाचा असतो. मला तेव्हा ते पटलं होतं रे. आता वाटतं, समाजाचा असेल, पण दोनशे वर्षं माळ्यावर ओल येऊ न देता सांभाळला तो त्या घराने.

वीरगळाचं मात्र मी अजूनही माफ केलेलं नाही. त्याला चंदेरी ऑइलपेंट फासून खाली घराण्याचं नाव रंगवायचं, कशाच्या आधारावर? त्यावर एक अक्षर कोरलेलं नाही. खालच्या थरात गाईंसाठी लढणारा माणूस आहे, वर अप्सरा नेतायत, त्याच्या वर पिंडीची पूजा, एवढंच तो दगड सांगतो. तो कोणाचाही पूर्वज असू शकतो आणि कोणाचाच नसूही शकतो. तू तेव्हा गप्प बसलास याचा मला जास्त राग आला होता, पेंटचा कमी.

वंशावळीवर आमच्या लोकांचा विश्वास का नाही तेही तुला आतून माहितीये. वतनाच्या भांडणात वंशावळ हा पुरावा असायचा, १८५२ नंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे तर हक्क राखायला घराण्यांनी कैफियती आणि वंशावळी सादर केल्या, आणि जिथे जमीन अडकलेली असते तिथे एखादा आजोबा वाढतो, एखादा भाऊ गळतो. लेकी तर गळलेल्याच असतात. हे मी व्यासपीठावरून इतक्यांदा बोललोय की टाळ्या कुठे पडतात ते पाठ झालंय. पण बाईंच्या वहीत मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांनी लेकी शोधून काढल्यात. कोण कुठल्या गावी दिली, माहेरचं नाव काय, सासरचं काय, सगळं पेन्सिलीने, आणि खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह. आमच्या स्मरणिकेत एकही प्रश्नचिन्ह नाही, मी मुद्दाम बघितलं.

तसं हे भांडण काही आपण लावलेलं नाही म्हणा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि पुढे त्याच मंडळाशी बिनसून धुळ्याची वाट धरली. पेशवे दप्तरातले कागद निवडायचं काम सरकारने इतिहासकार गो. स. सरदेसायांना दिलं, १९३० ते ३४ मध्ये पंचेचाळीस खंड निघाले, आणि आयुष्यभर कागद गोळा करणारी पुण्याची मंडळी बाहेर राहिली ती राहिलीच, ती कटुता पुढे किती वर्षं पुरली. आपल्या दोन मंडळांचं भांडण त्यापुढे म्हणजे चिल्लर, पण जात तीच. कागद कोणाच्या हातात, आणि पहिल्यांदा छापणार कोण.

आणि घरगुती कागद म्हणून आम्ही ज्याला नाक मुरडतो ना, ती जेधे शकावली, शिवकाळाच्या सालवार नोंदींची, तरी कुठून आली? कारीच्या जेध्यांच्या घरातून. टिळकांनी ती १९१६ साली छापली आणि शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ अशी समोर आली, तोवर वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ धरून चालले होते. एका घराण्याने जपलेल्या नोंदीने अख्ख्या महाराष्ट्राची तारीख हलवली. हे मी आमच्या बैठकीत बोललो तर एकाने विचारलं, तू तिकडे चाललायस का? तू गेलास तेव्हा मी तुला अगदी हेच विचारलं होतं, याच शब्दांत. ते ऐकणाऱ्याला किती खवचट वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

तर आता पानिपत. तारीख बाईंची बरोबर, साल १७६०-६१. तुमच्या पुस्तकाला हवं तेच साल. पण मिती बघ ना. पौष शुद्ध पंचमी. पानिपत झालं पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१. म्हणजे युद्धाच्या तीन दिवस आधी तुमचा शूर पूर्वज इथे गावात, पारावर, शिवेच्या भांडणात साक्ष देत बसला होता आणि सावकाश सहीच्या जागी नांगराची निशाणी करत होता. शेजारी न्हाव्याचा आरसाही आहे. तीन दिवसांत तो पानिपतला काही पोचत नाही! आमच्या चुकीच्या तारखेने तो पानिपतला गेला की नाही ते नुसतं अधांतरी होतं, तुमच्या बरोबर तारखेने तो गेलाच नाही हे पक्कं झालं.

मी बाईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, ‘हो, मी मिती आधीच बघितली होती.’ आणि गप्प. मग म्हणाल्या, पुस्तक या महिनाअखेर प्रेसला जातंय, मुखपृष्ठावर पानिपतचं चित्र आहे, भाला घेतलेला घोडेस्वार, आणि प्रस्तावना अध्यक्षांची.

आमच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापतोय, पहिल्या पानावर, माझ्या नावाने, आणि चूक बाईंनी दाखवली असं स्पष्ट लिहून. आमचे दोघे-तिघे चिडलेत, चिडू देत. फोटोबद्दल आजींची माफी मी जाऊन मागितली, त्यांनी रुमाल परत माळ्यावर न ठेवता आठवडाभर बघायला दिलाय, अट एकच, दोन्हीकडचं माणूस बसलं पाहिजे. म्हणजे तू. ताळेबंदासकट सगळं वाचू, पानागणिक.

पण त्याआधी अध्यक्षांना कोणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं तर भांडण, बाईंनी सांगितलं तर त्यांना मंडळातून काढतील. तू सांगशील का? महिनाअखेरच्या आत. आणि येताना तुझं ते मोठं भिंग आण, माझ्याला तडा गेलाय.

तुझा,
चुकीची बेरीज करणारा