उत्तरेचा उतार

प्रिय दिनू,

सव्वा वर्ष तुला पत्र नाही. तुझे दोन फोन आले तेव्हा मी डोंगरावर होतो, हे खरं. खाली उतरल्यावर उलट फोन केला नाही, हेही खरं. माझी साखर आटोक्यात आहे, हिची कंबर आहे तशीच आहे. तुझ्या गुडघ्याचं काय झालं, जिना चढतोस का, ते कळव. लेकीचं ठरल्याचं आक्काकडून कळलं. तू कळवायला हवं होतंस. पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलू?

आता मुद्द्याचं. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, कारण आपल्या त्या पत्र्याच्या डब्याची गोष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

यंदा पाऊस लांबला. रोशा गवत, ज्याचं आपण तेल काढतो, ते फुलावर यायलाच दिवाळी उजाडली, आणि इकडे माणसं ऊसतोडीला बारडोलीकडे निघायच्या घाईत. ग्रामसभेचा ठराव तुला पाठ आहे, त्यातले शब्द तुझेच आहेत. गवत जमिनीपासून वीतभर वरून कापायचं, आणि तीन उतारांपैकी एक दरवर्षी बी झडेपर्यंत शिवायचा नाही. फुटवा बुंध्यातून येतो, पण बुंधाही म्हातारा होतो, नवं रोप बियातूनच उगवतं, हे तू पिंपळाखाली बसून सगळ्यांना समजावलं होतंस. मध्येच शिंकत होतास, आणि पोरं तुझ्या शिंका मोजत होती! यंदा राखायची पाळी उत्तरेच्या उताराची होती.

मुकादमाचा ट्रक यायच्या आधी तीन दिवस सहा घरची माणसं माझ्या ओट्यावर आली. पूर्वेचं-पश्चिमेचं गवत संपलेलं. दुकानाची उधारी बाकी, म्हाताऱ्यांना मागे ठेवून जायचं, हातात काही नाही. अजून दोन दिवस तेलाची भट्टी पेटली तर चार पैसे मागे ठेवता येतील, म्हणाले. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी नाही म्हणू शकलो असतो.

मी म्हणालो, कापा. दिनू, दुसरं कुणी नाही, मी म्हणालो.

दोन दिवसांत उतार मोकळा झाला. वर जाऊन आलो. तिथलं गवत सगळं मोतिया जातीचं, तुला आठवतं ना? पानं काडीशी फाकून उभी, बुडाशी काडीला कवेत घेतलेली. आता नुसती वीतभर खुंटं, आणि उन्हात त्यांचा तो वास. एक तुरा दगडाच्या आडोशाला राहिला होता. तळहातावर चोळला. गुलाबासारखा, पण गुलाबापेक्षा कोरडा, शेवटी थोडी तिखट झाक. म्हणून तर आजी त्याला तिखाडी म्हणायची. मी तिथेच बसून राहिलो.

भट्टी मात्र या वर्षी चालली तशी कधीच चालली नव्हती. गवत एक दिवस सावलीत सुकवलं, जाळ एकसारखा ठेवला. शंभर किलोमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तेल उतरलं. रात्री पाण्यावर तेलाची पिवळी साय जमू लागली की सगळे गप्प होतात, तसे झाले. कापडातून गाळून डबे तोंडापर्यंत भरले.

आणि मग आला तो कागद. माल अत्तरवाल्यांकडे जातो, आणि जंगल राखून काढलेलं तेल म्हणून ते आपल्याला बाजारापेक्षा वर भाव देतात. त्या कागदावर एक ओळ आहे: एक तृतीयांश क्षेत्र बियाण्यासाठी राखले आहे. खाली माझी सही. ती अजून झालेली नाही.

आता तो डबा. आपल्या पहिल्या वर्षी तू मोतियाच्या तेलात सोफियाचं तेल ओतलंस, रोशाच्याच दुसऱ्या जातीचं, खालच्या ओढ्याकाठच्या गवताचं. वीस किलोत चार किलो. मी वर्षभर तुझ्याशी बोललो नाही. तू काय म्हणाला होतास ते अजून कानात आहे. म्हणे, हे तेल भेसळीसाठीच जन्माला आलंय! मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलला जायचं, तिथे त्याला इदरीस यागी म्हणायचे, आणि पुढे बल्गेरियात गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. वर १८७१ ची गोष्ट ऐकवलीस, याकोब्सन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जेरॅनिऑल, म्हणजे ते गुलाबी वासाचं द्रव्य, पहिल्यांदा शुद्ध वेगळं केलं ते हिंदुस्थानातल्या याच गवताच्या तेलातून, म्हणजे जगाला याचा कसच हवा आहे, खानदान नको. मी तेव्हा चिडून म्हणालो होतो, मग तूही स्वतःला दुसऱ्या नावाने विक. ते मी बोलायला नको होतं. आज लिहून टाकतो.

पण बघ, तुझा खोटेपणा डब्यात होता. व्यापाऱ्याने झाकण उघडलं, एक वास घेतला आणि डबा परत केला. माझा खोटेपणा डब्यात नाही. तेल निखळ मोतिया आहे, कुठल्याही यंत्रावर लाव. खोट डोंगरावर आहे, आणि तिचा वास कुठल्याच नाकाला येणार नाही. सही केली तर कुणालाही, कधीही कळणार नाही. मला झोप लागत नाही ती याचमुळे.

खरं लिहिलं तर भाव सगळ्यांचाच उतरणार. ज्या घरांनी उत्तरेला विळा लावला नाही त्यांचाही. त्यांना मी काय तोंड दाखवू? आणि बारडोलीला गेलेली माणसं होळीला परततील तेव्हा म्हणतील, तूच म्हणालास ना, कापा.

हिला विचारलं. ती म्हणाली, दिनूभाऊजींना विचारा, भांडण तुमचं त्यांच्याशीच आहे.

काल रात्री कागदावर त्या ओळीच्या खाली हाताने लिहिलं: या वर्षी उत्तरेचा उतारही कापला, पुढची दोन वर्षं त्याला विळा लागणार नाही. सही केली नाही. दोन वर्षांत बी पडेल, रोपं धरतील, असं मला वाटतं. पण ती दोन वर्षं मी एकट्याने कबूल करणं बरोबर नाही, ग्रामसभेने करायला हवं, आणि निम्मी ग्रामसभा उसाच्या फडात आहे.

कागद गुरुवारच्या एसटीने जायचा आहे. सोबत उत्तरेच्या उताराच्या तेलाची छोटी बाटली पाठवतो आहे. वास घे, शिंक आली तरी चालेल, आणि गुरुवारच्या आत फोन कर. मी ओट्यावरच असेन.

तुझा,
नाना