आई-बाबा, त्याला ‘ळ’ जमला

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमच्याकडं रेंज जात-येत होती, त्यामुळं स्नेहसंमेलनाचं काहीच धड सांगता आलं नाही. बाबा, तुम्ही ‘लिहून पाठव, निवांत वाचतो’ म्हणालात, म्हणून आज रविवारची बसलेय.

माझ्या तिसरीच्या वर्गात निम्मी पोरं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्री कामगारांची आहेत. कुणाचे वडील मोल्डिंगवर, म्हणजे साचे करायला, कुणाचे फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला. घरात कुठं भोजपुरी, कुठं ओडिया, कुठं कन्नड, दोन घरांत उर्दू आणि बाकीच्यांची आपली कोल्हापुरी. जूनमध्ये बिहारचा एक पोरगा आला. गणितात एकदम तयार, पण वाचायला उभा केला की मान खाली. कारण कळायला मला पंधरा दिवस लागले. तो ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणायचा, ‘फळा’ला ‘फला’, आणि पोरं हसायची. त्याच्या भोजपुरीत ळ नाहीच, मग तोंडात येणार कुठून? मी जीभ टाळूला कशी लावायची ते करून दाखवलं, फळ्यावर चित्र काढलं. काही उपयोग झाला नाही.

जमवून दिलं ते त्याच्या बाकावरच्या ओडिशाच्या पोरीनं. ओडियात ळ आहे, हे मलाही तिच्याकडूनच कळलं. फळाला ते फळच म्हणतात, केळ्याला कदळी. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी ती त्याच्यासमोर आ करून उभी राहायची, जीभ मागं वळवून दाखवायची आणि त्याच्याकडून ‘कदळी, कदळी’ घोकून घ्यायची. चिकोडीकडचा आमचा एक पोरगा आहे, तोही मग कन्नडमधलं ‘हळ्ळी’ (म्हणजे खेडं) घेऊन मदतीला आला. दिवाळीच्या सुट्टीआधी तो बिहारचा पोरगा माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, “बाई, बाळ.” एवढंच बोलला आणि पळाला. बाबा, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा दिवस होता असं मी म्हटलं, तर तुम्हाला ते पटेल.

म्हणूनच बक्षीस समारंभात प्रत्येक पोरानं आधी घरच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची आणि मग मराठीत, असं मी ठरवलं. पालकांच्या बैठकीत एकजण म्हणाले, ‘मराठी शाळेत ह्या बाकीच्या भाषा कशाला?’ मी एवढंच म्हटलं, की जे पोर स्वतःच्या भाषेत निर्भय बोलतं, तेच आपली भाषा मनापासून उचलतं. हे मी तुमच्या वर्गात बसून शिकलेय बाबा. धनगरवाड्यावरच्या पोरांना तुम्ही कधी ‘असं नाही, शुद्ध बोल’ म्हणून मध्येच तोडलं नाहीत.

लेझीम झालं, मर्दानी खेळ झाले, धावण्याची आणि चित्रकलेची बक्षिसं झाली. वर्षभर एकही खाडा न करणाऱ्या पोरीला उभं राहून टाळ्या मिळाल्या. वाचनाचं बक्षीस मात्र ह्या पोराचं. तो आधी भोजपुरीत बोलला, मग माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाला, “ही माझी शाळा. मला कोल्हापूरचा गूळ आवडतो.” दोन्ही ळ स्वच्छ! वर्गातली पोरं बाकावर चढली. त्याचे वडील शिफ्टवरून तसेच आले होते, काळी माती लागलेल्या कपड्यांत, गेटपाशीच थांबलेले. मी त्यांना पुढं बोलावून प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते शर्टाला लागू नये म्हणून लांब धरलं होतं. बैठकीत हरकत घेणारे ते पालकही टाळ्या वाजवत होते, हे मी बघितलं.

तेव्हा तुमचं दर २६ जूनचं, शाहू जयंतीचं भाषण आठवलं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या आई-बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत आणलं. तुम्ही ‘एका शाळेत’ म्हणताना नेहमी थोडं थांबायचात. त्या दोन शब्दांमागं किती काम असतं, ते मला आता रोज कळतंय.

आई, तुझ्यासाठी एक वेगळीच गोष्ट. त्या ओडिशाच्या पोरीची आई गेल्या गुरुवारी शाळेत आली आणि ओला तांदूळ वाटून त्याच्या पिठीनं बोटांनी दारात रांगोळी काढून गेली. झोटी म्हणतात तिला. भाताच्या लोंब्या आणि लक्ष्मीची पावलं. मी विचारलं, आजच का? तर त्यांच्याकडंही मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीची पूजा असते! तू पाच झाडांच्या डहाळ्या लावून घट मांडतेस तेच दिवस, तीच देवी. मी तिला अंबाबाईच्या देवळात घेऊन गेले. दर्शन झाल्यावर ती बराच वेळ बोललीच नाही.

आणखी एक बरेच दिवस मनात आहे. लहानपणी तू शाळेत मला न्यायला यायचीस आणि मावशीशी संकेश्वरच्या कन्नडमध्ये बोलायचीस, तेव्हा मी लांब जाऊन उभी राहायचे. मैत्रिणी ऐकतील म्हणून. तुला ते कळत असणार, तू कधी बोलली नाहीस. माझं चुकलं, आई. चिकोडीच्या त्या पोराची आजी इथं दिवसभर एकटी असते, तिला मराठी येत नाही. तू आलीस की मी तुला तिच्याकडं नेणार आहे.

शेवटच्या गुरुवारी घट माझ्याकडं मांडूया, त्या ओडिशाच्या पोरीची आई झोटी काढायला येतेय. बाबांनाही घेऊन ये. आजऱ्याहून सकाळच्या एसटीनं निघालात तर जेवायला पोहोचाल. नवा घनसाळ तांदूळ आला असेल, खिरीपुरता आण. आणि थोड्या कण्या वेगळ्या बांध, रांगोळीला त्या चालतात असं ती म्हणाली.

तुमची लेक