हिवाळ्यात येताय, त्याआधी घराची ओळख

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं झाली हे बरं झालं. कपड्यांचं फोनवर बोलू, हे पत्र घराविषयी आहे. इथे खेड्यात नळाचं पाणी, सांडपाण्याचा निचरा, घरातली ऊब यांतलं काहीच बाहेरून कोणी पुरवत नाही. सगळं आवारातच होतं आणि आवारातच जिरतं. घरात चाराची सहा माणसं झाली की या सगळ्यावरचा भार दीडपट होतो. तेवढा भार घर सहज पेलतं, फक्त तो एकाच दिवशी एकदम पडू द्यायचा नाही.

बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी तळघरात उतराल, म्हणून पाण्यापासून सुरू करते. बोअरमध्ये पाणबुडी पंप आहे. तो पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवत नाही, तळघरातल्या निळ्या दाबाच्या टाकीत भरतो. त्या टाकीत एक रबरी फुगा आहे. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. दाब ३० पीएसआयवर (दाब मोजायचं एकक) उतरला की पंप सुरू होतो, ५० ला बंद. रिकाम्या टाकीत हवेचा दाब २८ हवा, म्हणजे पंप सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा दोनने कमी. तो मोजायचा असेल तर आधी पंपाचा खटका बंद करून टाकीतलं पाणी पूर्ण सोडून द्यायचं, नाहीतर आकडा पाण्याचा येतो, हवेचा नाही.

पंप एकदा सुरू झाला की निदान मिनिटभर चालायला हवा. नळ उघडा असताना दर पाच-सात सेकंदांनी टक-टक ऐकू येऊ लागलं, तर फुग्यातली हवा गेली किंवा फुगा फाटला असं समजा. टाकीच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह आहे, तो दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर फाटलाच. अशा वेळी पंप ताबडतोब बंद करायचा. मोटर जळते ती पाणी उपसून नव्हे, तर सतत चालू-बंद होऊन, कारण सुरू होतानाच ती सर्वांत जास्त वीज ओढते. जळलेला पंप बोअरमधून वर काढणं हे मोठं काम आहे.

वीज गेली की पाणीही गेलं. टाकीत उरलेलं पाणी थोडा वेळ पुरतं, मग नळ कोरडे. वादळाचा इशारा आला की दोन बादल्या संडासासाठी आणि माणशी रोजचे चार लिटर पिण्यासाठी भरून ठेवायचे.

आई, तू पाणी उकळून पिशील, त्याला हरकत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण आजूबाजूच्या शेतांतल्या खतांचं नायट्रेट पाण्यात उतरलं असेल तर ते उकळून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. म्हणून वर्षातून एकदा प्रयोगशाळेत दोन्ही तपासून घेतो.

आता सांडपाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बिघडलं तर सर्वांत महाग पडतं ते हेच. सेप्टिक टँक साधारण पावणेचार हजार लिटरचा आहे. गाळ तळाशी बसतो, तेल-साबणाची साय वर तरंगते, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडून मागच्या अंगणाखाली पुरलेल्या भोकांच्या नळ्यांतून मातीत जिरतं. गाळ आणि साय यांनी एक तृतीयांश जागा व्यापली असं धरलं, तर पाण्याला अडीच हजार लिटर उरतात. माणशी रोजचे दीडशे लिटर धरले तर चार जणांचं पाणी टाकीत चार दिवस मुक्काम करतं, सहा जणांचं तीन दिवसांहून थोडं कमी. निवळायला तेवढा वेळ पुरतो. पण एकाच सकाळी कपड्यांचे चार-पाच घाणे, सगळ्यांच्या आंघोळी आणि भांडी असं झालं, तर जोराच्या पाण्याबरोबर गाळ ढवळून नळ्यांत जातो. तिथली मातीची भोकं बुजली की पाणी जिरेनासं होतं, आणि टाकी कितीही वेळा उपसली तरी ती उघडत नाहीत. अख्खं अंगण खणावं लागतं.

म्हणून आई, कपडे रोज एक घाणा. रविवारी सगळं एकदम धुवायचं नाही. तव्यावरचं तेल आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं, मग तवा घासायचा. संडासात फक्त टॉयलेट पेपर. ओले रुमाल पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी विरघळत नाहीत. जंतुनाशक भसाभस ओतायचं नाही, कारण टाकीतले जिवाणूच मैला कुजवतात. मागच्या अंगणात नळ्यांवर गाडी लावायची नाही आणि बाबा, तिथे झाड लावायचं मनात आणू नका, मुळं नळ्यांत शिरतात. फक्त गवत चालतं. त्यातला एखादाच पट्टा बाकीच्यापेक्षा हिरवागार दिसला, किंवा मोरीतून गुडगुड आवाज आला, तर लगेच सांगा. टाकीचं झाकण मात्र कोणीही उघडायचं नाही. आतला वायू वाकून बघणाऱ्याला क्षणात बेशुद्ध करू शकतो.

लाकडाच्या शेगडीचं सगळं गणित ओलाव्याचं आहे. लाकडात २० टक्क्यांहून कमी ओलावा हवा. ताज्या तोडलेल्यात तो पन्नासच्या आसपास किंवा वरही असतो. म्हणजे आधी पाणी उकळण्यातच उष्णता जाते, धूर थंड राहतो आणि धुराड्याच्या आतून डांबरासारखा थर धरतो. त्याला क्रियोसोट म्हणतात. तो पेटला की धुराड्यात आग. मोजायचं यंत्र ढलपीच्या बाहेरच्या टोकाला लावून उपयोग नाही, टोक सर्वांत आधी वाळतं. ढलपी फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं. पोर्चमधली रास वाळलेली आहे, मागच्या शेडमधली पुढच्या वर्षासाठी आहे, तिला हात लावू नका. रचताना खाली फळ्या, वर झाकण, बाजू उघड्या. ताडपत्रीने चारही बाजूंनी गुंडाळलं तर लाकूड कुजतं.

पेटवताना जाड लाकडं खाली, त्यावर बारीक, सगळ्यात वर काड्या, आणि वरून काडी लावायची. चुलीच्या सवयीला हे उलटं वाटेल, पण धूर खूप कमी होतो. रात्री हवा पूर्ण बंद करून धुमसत ठेवायची नाही, त्यानेच तो थर सर्वांत जास्त धरतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घरापासून लांब, दगडावर ठेवायची. राखेखालचा निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. घरात छताला लावलेलं, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र वाजलं तर कारण शोधत बसू नका, आधी सगळे बाहेर या. त्या वायूला वास नसतो.

बाहेरचं तापमान उणे सहा-सात अंशांच्या खाली गेलं की बाहेरच्या भिंतीतले पाइप गोठू शकतात. अशा रात्री स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट उघडं आणि नळाची बारीक धार चालू. पाणी येईनासं झालं तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून मागे मागे शेकत जायचं. मधूनच सुरुवात केली तर वितळलेल्या पाण्याला वाट नसते. मेणबत्ती किंवा गॅसची ज्योत अजिबात नको. पाइप फुटलाच तर मुख्य व्हॉल्व्ह निळ्या टाकीशेजारी आहे, लाल मुठीचा, पाव फेरा फिरवला की बंद.

बर्फ वितळल्यावर बाबा फिरायला जातीलच. उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेवर गोचीड बघायची. टोकदार चिमट्याने कातडीला चिकटून धरायची आणि सरळ वर ओढायची. पिळायची नाही, तेल लावायचं नाही.

रुग्णवाहिकेला इथे यायला वेळ लागतो, म्हणून औषधं संपायच्या दोन आठवडे आधी सांगत जा. येताना डॉक्टरांकडून औषधांची यादी टाइप करून घ्या. त्यात कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा हे हवं. कंपनीची नावं इथे वेगळी आहेत. गोळ्या मूळ पाकिटांतच आणि हातातल्या बॅगेत ठेवा. बाबांचा जुना ईसीजी मिळाला तर त्याचीही प्रत घ्या. यादीचा फोटो आधी मला पाठवा, इथल्या दवाखान्यात नोंदवून ठेवते. आणि बुटांसाठी दोघांच्या पावलांची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा, जाड मोजे घालून मोजलेली.

तुमची लेक