‘सुरक्षित’ म्हणताना कोणता अवयव तपासला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला इसेन्शिअल ऑइलवरचा (वनस्पतींतून काढलेल्या सुगंधी तेलांवरचा) लेख वाचला. ‘प्राण्यांवरच्या चाचणीत जनुकीयदृष्ट्या सुरक्षित’ एवढ्या एका वाक्यात त्यात विषय मिटवला आहे. अशा चाचण्यांच्या स्लाइड्स मोजण्याचं काम मी काही वर्षं केलं, त्यामुळे ते वाक्य खटकलं.

अशा चाचणीत उंदराच्या पोटात नळीने तेल देतात आणि नंतर त्याच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तांबडी पेशी पक्व होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते. पण गुणसूत्र तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा आतच अडकतो आणि स्लाइडवर रंग दिल्याने निळसर दिसणाऱ्या कोवळ्या पेशीत गडद, गोल ठिपका दिसतो. एका प्राण्यामागे अशा किमान ४००० पेशी मोजायच्या. मान अवघडते, डोळे चुरचुरतात, पण नजर हलवून चालत नाही.

ठिपके वाढले नाहीत, तर मज्जा शाबूत आहे एवढंच कळतं. सॅफ्रोल, एस्ट्रागोल, मिथाइल युजेनॉल ही अशा काही तेलांतली द्रव्यं जशीच्या तशी डीएनएला चिकटत नाहीत. यकृतातली विकरं (एन्झाइम) त्यांचं रूप पालटतात आणि ते अल्पायुषी रूप तिथेच, यकृतातच, डीएनएला धरतं. मज्जेपर्यंत फारसं पोहोचत नाही. मिथाइल युजेनॉलने उंदरांच्या यकृतात गाठी होतात, हे २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने प्रसिद्ध केलं. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. म्हणजे निव्वळ मज्जा पाहून दिलेला निर्वाळा अशा तेलांच्या बाबतीत अपुराच. यकृताच्या पेशीही तपासायला हव्यात: डीएनएची मोडतोड दाखवणाऱ्या कॉमेट चाचणीने, आणि डीएनएला चिकटलेली द्रव्यं मोजूनही.

शिवाय तेल म्हणजे एकच द्रव्य नव्हे. तुळशीच्या एका वाणात युजेनॉल भरपूर, तर दुसऱ्यात मिथाइल युजेनॉल किंवा एस्ट्रागोल. घटकांचं प्रमाण न मोजता तेल उंदरांना दिलं, तर ते जीव फुकट गेले असं मला वाटतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेखात उल्लेख केलेल्या तेलाचे घटक, दिलेली मात्रा आणि तपासलेला अवयव, एवढं तरी लेखकाने पुढच्या पुरवणीत द्यावं, ही विनंती.

– आपला एक वाचक