रिक्षावाले मामा, तुमच्या हेडलाइटचे आभार

मामा नमस्कार,

फोनवर दोनदा सांगायचा प्रयत्न केला पण तुम्ही "असूदे वो ताई, त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाईंना वाचून दाखवायला सांगा आणि मधेच उठून जाऊ नका.

मॅरेथॉन पूर्ण झाली. ४२.१९५ किलोमीटर, ५ तास २१ मिनिटं, कुठंही बसले नाही. भाचीच्या लग्नामुळं तुम्हाला येता आलं नाही ते मला माहितेय, पण मेडल गळ्यात पडलं तेव्हा पहिलं नाव तुमचंच आठवलं.

डिसेंबरचा पहिला रविवार आठवतोय का? मार्चमधल्या फुल मॅरेथॉनसाठी निदान सोळा आठवडे तयारी लागते, म्हणजे लांब पळायचे सगळे रविवार बरोबर थंडीत येतात. बाहेरच्या लोकांना वाटतं कोल्हापुरात कसली थंडी, त्यांनी एकदा पहाटे पाचला शिवाजी पुलावर येऊन उभं राहावं. पंचगंगेवरनं धुकं उठतं, वडणग्याच्या बाजूला दोन्हीकडं ऊस, दहा फुटांवरचं दिसत नाही आणि जानेवारीत तर उजाडायलाच सात वाजतात. त्यात कारखान्यांचा सीझन, डबल ट्रॉली लावलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून येतात, ट्रॉलीला मागं दिवा नाही की रेडियम नाही, आणि रस्त्याच्या कडेला पळणाऱ्या बाईला जागा द्यावी असं कुणाच्या मनातच येत नाही. त्या दिवशी एक ट्रॉली इतकी चिकटून गेली की उसाची पानं दंडाला घासली. मी साइडपट्टीवरनं खाली उतरले तर तिथं कुत्री मागं लागली. मी घाबरून उभी होते, रडायच्या बेतात, आणि तुमची रिक्षा पॅसेंजर सोडून परत येत होती.

"ताई, अंधारात एकट्या का पळाय लागलायसा?" एवढंच विचारलंत. मी कसंबसं सांगितलं, तर म्हणालात, "मग पळा की, मी हाय मागं." आणि रंकाळ्यापर्यंत फर्स्ट गिअरला माझ्या मागनं आलात.

मला वाटलं त्या दिवसापुरतं. पुढच्या रविवारी पाचला गंगावेशीत बघते तर तुम्ही दूध कट्ट्यावर ग्लास संपवून उभे, हातात रेडियमची पट्टी! माझ्या जॅकेटला पाठीवर तुम्ही स्वतः चिकटवली, सरळ आली का नाही ते दोनदा लांबनं बघितलं. मामा, माझ्यासाठी असं कुणी कधी थांबलेलं नव्हतं हो, घरचे चांगले आहेत पण पहाटे पाचला सगळे झोपेत असतात.

असे चौदा रविवार. तुमच्या हेडलाइटमध्ये माझी सावली लांबच लांब पुढं पडायची आणि मी तिच्याकडंच बघत पळायचे. दमलं की माणसाचे खांदे कानाकडं चढतात, मान खाली जाते, पावलं घासायला लागतात. ते तुम्हाला माझ्या आधी कळायचं, एकदाच छोटा हॉर्न द्यायचात की मी खांदे सोडून सरळ व्हायची. कोचकडं जाऊन फी भरून हेच शिकवतात.

आणि काकवी! दुकानात एनर्जी जेल मिळतात, त्यांची किंमत बघून तुम्ही गप्पच झालात आणि पुढच्या वेळी मेव्हण्यांच्या गुऱ्हाळावरनं काकवीची बाटली घेऊन आलात, त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ. जेलमध्ये तरी वेगळं काय असतं, साखर आणि मीठच. अंगातली साठवलेली साखर तीसेक किलोमीटरला संपत येते आणि पाय एकदम दगड होतात, म्हणून ती मधे मधे घालत राहावी लागते. थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातोच, त्यामुळं पाण्याची बाटलीही तुम्हीच आठवणीनं पुढं करायचात.

वाघबीळला जाऊन परत आणि वर रंकाळ्याला फेरी मारून ३० पूर्ण केले त्या दिवशी मी पैशाचा विषय काढला. तुम्ही खाशाबांचं सांगितलंत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबा जाधवांकडं पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले आणि गडी ब्राँझ घेऊन आला. मी म्हणलं मामा, त्याच हेलसिंकीत झाटोपेक नावाच्या माणसानं ५,००० आणि १०,००० मीटर जिंकून वर मॅरेथॉनही जिंकली, ती पण आयुष्यातली पहिली, आणि हा बर्फात मिलिटरीचे बूट घालून सराव करायचा. तुम्ही खूष झालात. "म्हंजे थंडीतच तयार झालेला गडी." आणि मग म्हणालात, "त्यांनी घर ठेवलं, मी दोन लिटर पेट्रोल घातलं तर काय झालं?" मला पुढं बोलताच आलं नाही.

पण सगळ्यात मोठं काम तुम्ही फेब्रुवारीत केलंत. मी थंडीच्या पळण्यावर खूष होते, वेळ सुधारत होता, आणि तुम्ही म्हणालात की ताई, मार्चात ऊन खाणार तुम्हाला, दिवसभर रिक्षात बसून आम्हाला दरवर्षी कळतंय, दहा-बारा दिवस त्रास होतो मग अंगाला सवय लागते. बरोबर होतं ते. उन्हात हळूहळू पळत राहिलं की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि हृदयाचे ठोके कमी राहतात. तुम्ही बोललात म्हणून आठवड्यातनं तीन दिवस दुपारी चारला पाच-सहा किलोमीटर पळायला लागले. शर्यतीत आठनंतर ऊन असं चढलं की माझ्या पुढची चांगली चांगली पोरं कडेला बसली, मी चालू होते.

३४ व्या किलोमीटरला पाय गेले मामा, खरंच गेले. मागं ना रिक्षा, ना पुढं सावली, ऊन डोक्यावर. खांदे कानाला लागलेत हे मला कळलं कारण हॉर्न वाजला नाही म्हणून मी वाट बघत होते. मग स्वतःच सोडले, काकवीचा घोट घेतला आणि निघाले.

बाटली माझ्याकडंच राहिलीय. या रविवारी पाचला गंगावेशीत घेऊन येते, पळायचं नाहीये. दुधाचे पैसे मी देणार आहे, तेवढं नाही म्हणू नका.

तुमची,
रेडियमवाली ताई