स्टार्टर किटचा रिमोट नव्या ड्रोनला जोडला जात नाही: तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू न मिळाल्याने ड्रोन बदलून किंवा पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ: बिलाची प्रत, आपल्या संकेतस्थळावरील उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट व ईमेल सोबत जोडले आहेत.

महोदय/महोदया,

गेल्या वर्षी मी आपल्याकडून नवशिक्यांसाठीचे एफपीव्ही (ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचे चित्र गॉगलमध्ये पाहून उडवायचे) किट घेतले होते. ड्रोन, रिमोट आणि गॉगल, सगळे एकाच डब्यात. त्या किटबद्दल माझी काहीच तक्रार नाही. इथे पंढरपुरात लग्नाची तिथी नसली की ओळखीच्या मंगल कार्यालयाचा हॉल रिकामा मिळतो. खुर्च्यांच्या पायांमधून ड्रोन काढण्याइतका हात मी त्याच किटवर बसवला. पण त्यातल्या मोटरी ब्रशच्या. वापरून त्या झिजतात आणि मग ड्रोन एका बाजूला ओढू लागतो. जोरही बेताचाच. अ‍ॅक्रो मोडमध्ये (यात ड्रोन आपोआप सरळ होत नाही) कोलांटी मारायला गेले की सावरण्याआधी फरशी येते. म्हणून ब्रशलेस, म्हणजे झिजणारे ब्रश नसलेल्या, मोटरींचे पुढचे मॉडेल घ्यायचे ठरवले.

ते आपल्याकडूनच घेण्याचे कारण एकच. उत्पादनाच्या पानावर आपण ठळक अक्षरांत लिहिले आहे की स्टार्टर किटचा रिमोट, गॉगल आणि बॅटऱ्या या मॉडेलला चालतात, नुसता ड्रोन घ्या. पैशांची बचत हा भाग आहेच, पण मला रिमोट तोच हवा होता. लॅपटॉपला यूएसबीने जोडून सिम्युलेटरवर सराव केला तो याच रिमोटवर, आणि त्याच्या काड्यांचा ताण आता अंगठ्यांना पाठ झाला आहे.

ड्रोन आला. गॉगलमध्ये चित्र लगेच दिसले, तेवढे खरे. रिमोट मात्र काही केल्या बाइंड होईना, म्हणजे ड्रोनशी जोडला जाईना. कारण साधे आहे: किटचा रिमोट फ्रस्काय डी8 या प्रोटोकॉलवर (रिमोट आणि ड्रोनच्या बोलण्याच्या भाषेवर) चालतो आणि नव्या ड्रोनमध्ये ईएलआरएस या प्रोटोकॉलचा रिसीव्हर आहे. ही दोन वेगळी प्रोटोकॉल आहेत. आपल्या प्रतिनिधींनी मला लिहून कळवले की दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे जोडले जायलाच हवेत, बटण जरा जास्त वेळ दाबून पाहा. आमच्या घरचा वायफायसुद्धा 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतो. त्याने ड्रोन उडत नाही.

रिसीव्हर बदलून घ्यावा म्हटले तर तीही सोय नाही, कारण तो फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनचे उड्डाण सांभाळणाऱ्या, बोर्डावरच बसवलेला आहे. रिसीव्हर बदलायचा म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा.

बॅटऱ्यांची गत वेगळी नाही. जुन्यांना पीएच2.0 कनेक्टर आहे, नव्या ड्रोनला बीटी2.0 लागतो. यावर फोनवर मला सल्ला मिळाला की जुना कनेक्टर कापून नवा डाखून (सोल्डर करून) घ्या. चार्ज असलेल्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी कापल्या तर शॉर्ट होऊन पेट घेण्याची भीती असते. हौशी पोरेसोरे हे ड्रोन घेतात. त्यांना फोनवरून असे काही सांगू नये, ही विनंती या तक्रारीपेक्षा वेगळी समजावी. शिवाय आपल्याच वॉरंटी कार्डावर छापले आहे की ग्राहकाने डाखकाम केल्यास वॉरंटी रद्द होईल. फोनवरचे ऐकावे की कार्डावरचे?

त्यानंतर ईमेल आला की ईएलआरएसचा रिमोट वेगळा विकत घ्यावा. परतावा मागितला तर उत्तर मिळाले, डब्याचे सील फुटले आहे. डब्यावर प्रोटोकॉलचा उल्लेख कुठेही नाही. सील न फोडता आत कोणता रिसीव्हर आहे हे ग्राहकाने ओळखायचे कसे?

फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे आमच्यासारख्या हौशी माणसांना देशातल्या विक्रेत्यावरच विसंबावे लागते. सुटे भाग आणून आपण इथेच जोडणी करता, असे आपणच संकेतस्थळावर अभिमानाने लिहिले आहे. मग कोणता रिसीव्हर बसवला हे आपल्याला माहीत नव्हते, असे म्हणता येणार नाही. पान मात्र आजही तसेच आहे, एक अक्षर बदललेले नाही.

माझी मागणी अशी: माझ्या रिमोटशी जुळणारा बोर्ड आपल्या खर्चाने बसवून द्यावा आणि बीटी2.0 कनेक्टरच्या बॅटऱ्या विनामूल्य पाठवाव्यात. ते शक्य नसल्यास ड्रोन आपल्या खर्चाने परत नेऊन कुरिअर शुल्कासह पूर्ण रक्कम द्यावी. पुढच्या खरेदीसाठी कूपन नको आहे. पानावरचा चुकीचा मजकूरही त्वरित दुरुस्त करावा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. त्या मुदतीत काही झाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

ड्रोन डब्यासह जपून ठेवला आहे. कुरिअर कधी पाठवता ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक, पंढरपूर