लिपिड प्रोफाइलमध्ये मधुमेहाची चाहूल असते, ती वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन जवळ आला की नाशिकमध्ये तपासणी शिबिरांचे फलक लागू लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगारांच्या वार्षिक तपासण्याही होतात. बहुतेक ठिकाणी उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) एकाच वेळी केले जाते. रिपोर्टवर साखर शंभरच्या आत दिसली की माणूस निश्चिंत होतो. लिपिडच्या पानावर टोटल कोलेस्टेरॉल आणि एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) तेवढे पाहिले जाते, तेही हृदयाच्या काळजीपोटी. मधुमेहाची चाहूल अनेकदा त्याच पानावर काही वर्षे आधीच लागलेली असते. ती वाचली जात नाही, म्हणून हे पत्र.

उदाहरणादाखल चाळिशी ओलांडलेल्या एका पुरुषाचे आकडे घेऊ. उपाशीपोटी साखर ९८, टोटल कोलेस्टेरॉल १९०, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) २१२, एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल ११२, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. साखर शंभरच्या आत आहे, टोटल दोनशेच्या आत आहे, एलडीएलही फारसे नाही. 'सगळं नॉर्मल आहे' असे सांगून हा रिपोर्ट घडी घालून परत दिला जातो. पण ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवे होते आणि पुरुषाचे एचडीएल ४० च्या वर (स्त्रियांसाठी ही मर्यादा ५०). २१२ ला ३६ ने भागले तर जवळपास ५.९ येतात. हे गुणोत्तर ३ च्या पुढे गेले की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची दाट शंका घ्यावी. हा निदानाचा आकडा नाही, पण पुढची तपासणी करायला एवढे कारण पुरेसे आहे. त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही लागत नाही, दोन्ही आकडे रिपोर्टवर छापलेलेच असतात.

असे का होते? रक्तातली साखर पेशींत पोचवण्याबरोबरच चरबीच्या पेशींना आवर घालण्याचे कामही इन्सुलिन करते. हा आवर सुटला की चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सतत यकृताकडे वाहू लागतात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवून व्हीएलडीएल या चरबी वाहणाऱ्या कणांत भरून रक्तात सोडते. रक्तात या कणांची एचडीएलशी देवाणघेवाण होते, एचडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड शिरते, ते कण लहान होतात आणि शरीर त्यांचा लवकर निचरा करते. म्हणून एक आकडा चढतो तेव्हा दुसरा उतरतो. एलडीएलचे कण लहान आणि दाट होत जातात, पण मिलिग्रॅममधला आकडा फारसा हलत नाही, म्हणून तो फसवा. या काळात स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून उपाशीपोटीची साखर धरून ठेवते. ते थकल्यावर साखर वर येते. लिपिड आधी बिघडते आणि साखर मागून, ते यामुळे.

संशोधन आता याच्याही पुढे गेले आहे. अमेरिकेतल्या हृदयविकारावरच्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून २०११ मध्ये असे पुढे आले की सगळी ट्रायग्लिसराइड सारखी नसतात. ज्यांच्या रेणूत कार्बनचे अणू कमी आणि त्यांच्यातले दुहेरी बंधही कमी, त्यांचा मधुमेहाच्या धोक्याशी संबंध अधिक. स्वीडनमधल्या माल्मो शहरात १९९१ ते १९९४ दरम्यान घेतलेल्या रक्तनमुन्यांतली १८४ लिपिडे मोजून, चार हजारांहून अधिक लोकांचे २०१५ पर्यंत पुढे काय झाले ते पाहिले गेले. एकूण १३.८ टक्के लोकांना मधुमेह झाला, पण लिपिडांच्या हिशोबाने सर्वाधिक धोक्याच्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मोजणी मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू मोजणाऱ्या खास यंत्रावर होते, आणि तो अभ्यास युरोपीय लोकांवरचा आहे. आपल्याकडे कमी वजनातही पोट सुटते आणि मधुमेह कमी वयात गाठतो. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. तोवर साध्या लिपिड प्रोफाइलमधले दोन आकडे नीट वाचणे आपल्या हातात आहे.

मात्र आकडा खरा हवा, आणि घोटाळा होतो तो इथेच. ट्रायग्लिसराइड जेवणाने चढते, शिवाय एकाच माणसात एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत वीसेक टक्के सहज हलते. धोका ठरवायचा असेल तर १० ते १२ तासांचा उपास पाळावा. पाणी चालते, चहा चालत नाही, बिनसाखरेचा दुधाचा चहाही नाही. रात्रपाळीच्या कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. कँटीनमध्ये रात्री एकला जेवलेल्या माणसाचे रक्त सकाळी सातला 'उपाशीपोटी' म्हणून घेतले जाते, प्रत्यक्षात सहाच तास झालेले असतात. अशांची तपासणी दिवसपाळीच्या आठवड्यात ठेवावी. आदल्या दोन दिवसांत दारू किंवा लग्नाचे जेवण झाले असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, स्टेरॉइड सुरू असेल किंवा थायरॉइडचे औषध विस्कळीत असेल, तर आकडा त्या कारणानेही चढतो. चढलेला आकडा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय कोणाला धास्ती घालू नये.

रक्त घेण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे शांत बसवावे. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या आत सोडावा, नाहीतर लिपिडचे आकडे उगाच वर जातात. साखरेसाठी करड्या टोपणाची फ्लोराइडची ट्यूब, लिपिडसाठी जेलची. मंडपात सगळे रक्त साध्या ट्यूबमध्ये घेऊन दुपारी प्रयोगशाळेत नेले, तर रक्तपेशी तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर खाऊन टाकतात. अशा वेळी ११० ची साखर ९५ होऊन येते आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस निरोगी ठरतो. सेंट्रिफ्यूज (रक्त वेगाने फिरवणारे यंत्र) फिरवल्यावर सीरम, म्हणजे रक्तपेशींवर वेगळा होणारा द्रव, गवती पिवळे आणि पारदर्शक दिसायला हवे. ते दुधाळ दिसले तर ट्रायग्लिसराइड खूप वर आहे, किंवा रुग्ण जेवून आला आहे, आणि त्याला ते विचारायलाच हवे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर बाकीच्या आकड्यांवरून सूत्राने काढलेले एलडीएल छापू नये. ५०० च्या पुढे गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तो रिपोर्ट घरी पाठवून न देता डॉक्टरांना फोन करून कळवावा.

लिपिडला जोड म्हणून एक मोजपट्टी घ्यावी. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी केलेली धोक्याची गुणपट्टी चार प्रश्नांची आहे. वय ३५ ते ४९ ला २० गुण, ५० पासून पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १०, १०० पासून २०. स्त्रीची ८० ते ८९ ला १०, ९० पासून २०. व्यायाम नाही आणि काम बसून, तर ३०. व्यायाम किंवा कष्टाचे काम यांपैकी एक असेल तर २०. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पट्ट्यावर मोजली की पोट सुटलेल्या पुरुषांची कंबर बरीच कमी भरते.

गुण ६० किंवा जास्त आणि ट्रायग्लिसराइड-एचडीएलची जोडीही बिघडलेली, तर उपाशीपोटी साखर ९८ आहे म्हणून थांबू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहावी. १४० ते १९९ आली तर तो पूर्वमधुमेह. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.७ ते ६.४ टक्के असेल तरीही पूर्वमधुमेहच. पण आपल्या जिल्ह्यात या तपासणीबाबत विशेष सावध राहावे लागते. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आहेत, आणि त्यांच्या रक्तात काही यंत्रांवर एचबीए१सी चुकीचे येते. लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या स्त्रियांत ते उगाच जास्त दिसू शकते. अशा ठिकाणी ग्लुकोजची तपासणीच करावी.

यातून बाहेर येता येते. भारतात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पूर्वमधुमेह असलेल्यांपैकी आहार-व्यायाम पाळणाऱ्या ३९ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला, न पाळणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना. लोक ट्रायग्लिसराइड वाढले की तेल-तूप सोडतात आणि त्याच वेळी साबुदाण्याची खिचडी, फळांचे रस, पावाचे दोन जादा तुकडे आणि दिवसाला पाच गोड चहा चालू ठेवतात. यकृत ट्रायग्लिसराइड बनवते ते बऱ्याच अंशी साखर, मैदा आणि दारूपासून. आधी ते कमी करा, वजन पाच ते सात टक्के उतरवा, आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला. तीन महिन्यांत आकडा हलताना दिसतो. ज्यांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुरू आहे त्यांनी 'त्याने मधुमेह होतो' हे ऐकून गोळी बंद करू नये. साखर किंचित वाढण्याची शक्यता असते हे खरे, पण हृदयविकाराच्या झटक्यापासून मिळणारे संरक्षण त्याहून कितीतरी मोठे आहे.

शहरातल्या प्रयोगशाळांना आमची विनंती आहे की ट्रायग्लिसराइड-एचडीएल गुणोत्तर एलडीएलच्या खाली वेगळ्या ओळीत छापावे आणि रक्त किती तासांच्या उपासानंतर घेतले तेही लिहावे. शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी नोंदणीच्या टेबलावर वजनकाट्याशेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि ज्यांचे गुण ६० किंवा जास्त येतील त्यांना ग्लुकोज तपासणीची तारीख तिथेच लिहून द्यावी.

आपले,
वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ व आहारतज्ज्ञांचा एक गट, नाशिक